साडेतीन तासांचा पहिला नंबर

माझ्या मुलीचा आयुष्यात एकदाच पहिला नंबर आला आणि तो साडेतीन तास टिकला. सकाळी साडेआठला मी स्वतः तो माइकवरून जाहीर केला, आणि दुपारी बाराला तासगावच्या एस.टी. स्टँडवर, शिराळ्याच्या गाडीच्या दारात उभं राहून मीच तो परत घेतला. मधल्या वेळात मी सख्ख्या भाचीला नापास केलं, सख्ख्या बहिणीला रडवलं आणि शाळा सोडून गेलेल्या एका मुलाला तिसरा नंबर दिला. हे सगळं मी एकट्यानं केलं असं म्हणणं बरोबर नाही. कॉम्प्युटरची मदत होती.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. मी तासगावच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. एका बेदाणा व्यापाऱ्यानं शाळेला कॉम्प्युटर भेट दिला, आणि तो चालवायला कुणीतरी शिकलं पाहिजे म्हणून हेडसरांनी मला पंधरा दिवस सांगलीला प्रशिक्षणाला धाडलं. (माझीच निवड का? बाकीच्यांनी नाही म्हटलं म्हणून. पण घरी मी 'निवड' हाच शब्द वापरला.) पंधरापैकी चार दिवस लाइट नव्हती, तीन दिवस शिकवणारे सर आजारी होते, आणि उरलेल्या आठ दिवसांत दोन कॉम्प्युटरवर आम्ही तीस मास्तर! माझ्या वाट्याला कॉम्प्युटर आला तो सगळा मिळून दीड तास. पण दीड तासात माणूस किती बिघडतो ते आमच्या घरच्यांना विचारा.

परत आलो तो शर्टाच्या खिशात फ्लॉपी घालून. निम्मी बाहेर दिसेल अशी! "कामाचं नियोजन, संशोधन, अध्यापन, सगळं आता या चौकोनी तुकड्यात," असं मी दिसेल त्याला थांबवून सांगायला लागलो. आठवीच्या वर्गात वाऱ्यांच्या दिशा शिकवायच्या सोडून फळ्यावर कॉम्प्युटरचे फायदे लिहून द्यायचो. संशोधनही केलं. विषय होता 'द्राक्षाचा हंगाम आणि विद्यार्थ्यांची गैरहजेरी'. महिनाभर हजेरीचे आकडे भरले, रंगीत आलेख काढला आणि निष्कर्ष हाती आला : द्राक्षाच्या हंगामात मुलं गैरहजर राहतात! शाळेचा शिपाई तो आलेख बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, ह्ये मी तुमास्नी दारातच सांगितलं असतं की!"

घरीही मी शिस्त आणली. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नंबर चिकटवले आणि कोणत्या नंबरात काय त्याची यादी कॉम्प्युटरमध्ये भरली.

"अहो, हळद कुठल्या डब्यात गेली?" आमच्या सौभाग्यवती.

"यादीत बघ ना."

"यादी कुठाय?"

"शाळेत. कॉम्प्युटरमध्ये."

"मग आता फोडणी टाकून शाळेत जाऊ का?"

ही माझी बायको नलिनी. माहेर वाईचं, त्यामुळे बोलणं गोड आणि टोमणा खोल. आमच्याच शाळेत ती शिवणकाम शिकवायची. लग्न झाल्यापासून माझ्या वर्गाचा वार्षिक निकाल तीच तयार करायची, हे मी इतके दिवस कुणाला सांगितलेलं नाही. ब्लाउज बेतायला जो लांबरुंद खाकी कागद लागतो, त्यावर ती पट्टीनं रकाने आखायची, मार्क भरायची, बेरजा करायची, ताळा घ्यायची. मी आकडे वाचून दाखवायचो आणि मधूनमधून चहा मागायचो. त्या वर्षी मी ऐटीत जाहीर केलं, "नलू, तुझी या कटकटीतून सुटका! निकाल कॉम्प्युटर लावणार."

ती एवढंच म्हणाली, "बरं."

(बायकोचा 'बरं' किती प्रकारचा असतो यावर संशोधन करायला हवं होतं. द्राक्षं राहू दे.)

आता रंजीचं सांगतो, कारण या सगळ्यात पणाला लागली होती ती रंजीची शाळा. रंजना ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. गाव शिराळ्याकडचं, घरचा ऊस. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात अजून हुकूम सुटायचे. गावात शाळा सातवीपर्यंतच. "पोरीनं लय शिकून काय करायचंय?" हा दाजींचा ठराव. रंजी हुशार, आणि नलूनं तर तिच्यासाठी हट्टच धरला. शेवटी दाजींनी अट घातली.

"ह्ये बगा मास्तर. आठवी तुमच्याकडं काढू द्या. पास झाली तर म्होरं शिकंल. नापास झाली तर त्याच दिवशी घिऊन जाणार. गोठ्यात तीन म्हशी हायत, त्यांची हजेरी घील. ऑर्डर म्हंजे ऑर्डर!"

"अहो दाजी, नापास व्हायला ती काय माझी मुलगी आहे?" असं मी गमतीत म्हणालो. माझी मुलगी मिनू तिथंच उभी होती. तिला गंमत वाटली नाही.

तर रंजी आणि मिनू दोघी माझ्याच वर्गात, आठवी ब. स्वतःची मुलगी वर्गात म्हणून त्या वर्गाचे भूगोलाचे पेपर हेडसरांनी दुसऱ्या बाईंकडे तपासायला दिले होते. सगळ्या विषयांचे मार्क हजेरी नंबरानं माझ्याकडे आले आणि मी ते एका बोटानं कॉम्प्युटरमध्ये भरले. बावन्न पोरं, नऊ विषय. कुणाला किती पडलेत ते बघायला डोळे रिकामे नव्हते. ते कीबोर्डवर अक्षरं शोधत होते. तरी सांगतो, भरताना माझी एकही चूक झाली नाही. माझी चूक त्यानंतर झाली.

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी हेडसर आले. चपला दाराबाहेर काढून आत आले आणि पडद्यावर वाकून म्हणाले, "हे काय, जुन्या हजेरीप्रमाणंच? आधी मुलं, मग मुली? मग कॉम्प्युटरचा उपयोग काय? उद्या व्यापारीशेठ येणार आहेत. यादी कशी अक्षरक्रमानं पाहिजे!"

"एका मिनिटाचं काम आहे सर!"

आणि खरंच एकाच मिनिटाचं होतं. नावं क्रमानं लावायची होती, म्हणून मी फक्त नावांचा रकाना निवडला. मार्कांना कशाला उगाच हलवायचं? कळ दाबली. बावन्न नावं डोळ्यांदेखत सरसर हलली आणि ए पासून वाय पर्यंत शिस्तीत उभी राहिली. हेडसरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मी खिशातली फ्लॉपी सारखी केली.

झालं होतं एवढंच, की पोरं बाकं बदलून बसली होती आणि मार्क जुन्याच बाकांवर बसून राहिले होते. कुणाचे मार्क कुणाला, याचा काही मेळ राहिला नव्हता. मग कॉम्प्युटरनं बेरजा केल्या, नंबर काढले, आणि छपाईयंत्रानं कर्रर्र खर्रर्र करत निकाल ओकला.

तो मी घरी नेला. नलू म्हणाली, "इकडे द्या, एकदा ताळा बघते."

"कॉम्प्युटरचा ताळा? नलू, लोक हसतील!"

खरं सांगायचं तर मी पहिली ओळ वाचली होती आणि मला कुणालाच तो कागद दाखवायचा नव्हता. वर्गात पहिली : मिनल. माझी मिनू! सहामाहीत एकतिसावी आलेली! मनात जराशी शंका आली, नाही असं नाही. पण शंका घ्यायची तरी कुणावर? मशीन पक्षपात करत नाही. मुलगी माझी, तिच्यात काहीतरी असणारच, आणि ते ओळखायला यंत्र यावं लागलं, असं मी स्वतःला पटवलं. त्या खुशीत खालची नावं मी वाचलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक मे. आमच्याकडे झेंडावंदन झालं की त्याच मैदानावर निकाल. दाजी आणि अक्का पहिल्या गाडीनं आलेले. दाजींनी इस्त्रीचा सदरा घालून छातीवर पदकं लावली होती. नलू घरी पाहुण्यांसाठी श्रीखंड-पुरीच्या मागं. व्यापारीशेठ खुर्चीत. मी माइकसमोर, हातात दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद!

"आठवी ब! प्रथम क्रमांक... कुमारी मिनल!"

टाळ्या पडल्या. मिनू रांगेत उभी होती ती तिथंच खाली बसली.

"द्वितीय क्रमांक, बजरंग!"

टाळ्या पडल्या नाहीत, कारण सगळे बजरंगाकडे बघायला लागले होते. बजरंग स्वतः मागं वळून दुसरा कुठला बजरंग आहे ते शोधत होता.

"तृतीय क्रमांक, दिलीप!"

"दिल्या दिवाळीतच दाखला काढून गेलाय, सर!" पोरांमधून आवाज.

मी क्षणभर अडखळलो. पण पंधरा दिवसांचं प्रशिक्षण वाया कसं जाईल? मी म्हणालो, "कॉम्प्युटर हजेरी बघत नाही. गुणवत्ता बघतो!"

व्यापारीशेठनी मान डोलावली. तेवढ्यात बजरंगाचे वडील निकालाची चिठ्ठी घेऊन पुढं आले. शाळेत मुलांना शेती आणि मुलींना शिवणकाम असा विषय असायचा. चिठ्ठीवर बोट ठेवून ते म्हणाले, "आवं मास्तर, आमचा बज्या शिवणकामात पन्नासपैकी शेचाळीस? त्येला सदऱ्याचं बटण लावाय येत न्हाई वो!"

"सुप्त गुण असतात," मी म्हणालो. "माणसाला दिसत नाहीत. मशीन शोधून काढतं."

"आन् शेतीत नुसती रेघ हाय!"

"आवड नसेल."

गृहस्थ बजरंगाकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघत परत गेले. मी पुढं वाचत राहिलो, आणि एकाएकी माझाच आवाज माझ्या कानावर आला, "रंजना. गणित, इंग्रजी, विज्ञान. अनुत्तीर्ण."

मी परत वाचलं. तेच होतं. समोर रंजी उभी होती. दोन घट्ट वेण्या, हाताची घडी. रडली नाही. फक्त म्हणाली, "मामा, असं न्हाई व्हायचं. मी सगळं लिवलंय."

इथं मी काय करायला हवं होतं? कागद घडी करून नलूकडे धावत जायला हवं होतं. मी काय केलं? मी म्हणालो, "रंजी, सख्खी भाची असलीस तरी नियम तो नियम." वर पुन्हा मला स्वतःच्या निःपक्षपातीपणाचं कौतुकही वाटलं! आज हे लिहिताना माझाच कान पिळावासा वाटतो.

अक्का गर्दीतून वाट काढत आली. "आरं, सोताच्या पोरीला पयला नंबर आन् माझ्या पोरीला नापास? वरीसभर भाची-भाची करत जेवू घातलंस ते ह्यासाठी व्हय रं?"

"अक्का, मी नाही. कॉम्प्युटरनं..."

"त्येला कुणी जलम दिला? तूच बसतुयास न्हवं त्येच्या म्होरं?"

दाजींनी रंजीच्या हातातली चिठ्ठी घेतली, न वाचताच खिशात घातली आणि म्हणाले, "चल. पेटी भर. बाराची गाडी हाय." रंजी त्यांच्या मागं निघाली, आणि पदर तोंडाला लावून अक्का.

मी उरलेल्या चिठ्ठ्या वाटून, व्यापारीशेठना कॉम्प्युटरच्या खोलीतून फिरवून, अकरा वाजून गेल्यावर घरी पोचलो. दारातच मिनू हमसून हमसून रडत होती.

"अगं, पहिला नंबर आलाय तुझा!"

"म्हणून तर रडतेय! बाबा, विज्ञानात मी निम्मा पेपर कोरा ठेवलाय. मला एक्याण्णव कसे पडतील? आणि माझ्यामुळं रंजी गेली!"

नलू हात पुसत बाहेर आली. पुऱ्या तशाच कढईत. "दाजी पोरीची पेटी उचलून गेले. जेवा म्हटलं, माझं ऐका म्हटलं, पण थांबले नाहीत. अहो, मी स्वतः रंजीला शिवणात सत्तेचाळीस दिलेत, सगळ्या वर्गात जास्त. तुमच्या कागदावर किती आहेत?"

मी कागद उघडला. रंजनाच्या ओळीत शिवणकामाला रेघ होती. शेतीला चव्वेचाळीस.

नलूनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग कपाटावरची खाकी गुंडाळी काढली. विषयांच्या याद्या माझ्या पिशवीतून काढून दरवर्षीसारखा तिनं हातानं निकाल करून ठेवला होता! "मला बरं वाटत नाही ताळा घेतल्याशिवाय," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता." गुंडाळी सोडून मी वरची ओळ वाचली आणि मला खुर्ची शोधावी लागली.

"बसताय काय? सायकल काढा! बाराला सतरा मिनिटं आहेत!"

तासगावच्या भर बाजारातून मी सायकल हाणतोय, मागं कॅरिअरवर नलू एका हातात गुंडाळी आणि दुसऱ्या हातात माझा कॉम्प्युटरचा कागद धरून बसलीय, तो कागद वाऱ्यानं सुटून आमच्या मागं पंधरा फूट फडफडतोय, आणि त्याच्या मागं मिनू पळतेय! "सर, पयला नंबर म्हणं पोरीचा! पेढं कवा?" असं लोक दुकानांतून ओरडत होते. मी घंटी वाजवत होतो.

शिराळ्याची गाडी सुटायच्या बेतात होती. दाजी दारात एक पाय वर ठेवून उभे, अक्का आणि रंजी आत. मी सायकल तशीच टाकली.

"दाजी! थांबा! चूक झालीय!"

"चुकीचं काय त्ये? नापास झाली. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

"खिशातली चिठ्ठी काढा. शेतीत किती आहेत बघा!"

दाजींनी चिठ्ठी काढली, चष्मा लावला. "चव्वेचाळीस? आमच्या रंजीला? आवं, ही बांधावर गेली आन् गांडूळ दिसलं तरी बोंबलत घरी येती!"

"आणि शिवणात रेघ," नलू म्हणाली. "मी शिवणाची बाई. मी सत्तेचाळीस दिलेत. मग रेघ कुणी मारली?"

तिनं गुंडाळी गाडीच्या पत्र्यावर पसरली. दाजींनी वरची, ब्लाउजच्या रेघांची बाजू न्याहाळली. "ह्यो तर झंपर हाय!"

"उलटी बाजू. इकडून बघा."

आता गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकली होती. कंडक्टर घंटीची दोरी धरून म्हणाला, "मास्तर, काय निकाल लावायचा त्यो लवकर लावा. सांगलीत पोचायचंय मला."

मग मी माइकशिवाय दुसऱ्यांदा निकाल जाहीर केला. नावांचा रकाना हलवताना मार्क जागेवरच राहिले, कळ मी दाबली, कॉम्प्युटरचा दोष नाही, हे सगळं सांगितलं. "बजरंगाचे मार्क रंजीला लागले. आणि मिनूच्या नावावर जो पहिला नंबर लागला, तो रंजीचा. आठवी ब मध्ये रंजना पहिली आहे. विज्ञानात एक्याण्णव आहेत तिचे!" 

अक्कानं गाडीतच रंजीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दाजी मात्र हलले नाहीत. फौजी माणूस! एकदा हा कागद, एकदा तो कागद.

"ह्यातला खरा कंचा?"

"नलूचा," मी म्हणालो.

"लिवून द्या."

मी तिथंच खाकी कागदावर, बाहीच्या मापाशेजारी, 'हाच निकाल खरा' असं लिहून खाली सही केली. दाजींनी ती वाचली, आत जाऊन दोघींना पेटीसकट खाली उतरवलं आणि म्हणाले, "पोरगी ठिवतो. पर तुमच्या हवाली न्हाई. वैनींच्या हवाली." गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळच्यापेक्षा जोरात.

कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली. आम्ही सहा जण उरलो. दाजींना हिशेब अर्धा ठेवायची सवय नाही. त्यांनी परत चष्मा लावला. "मंग ह्या खऱ्या कागदात आपली मिनू कितवी?"

मिनू माझ्या मागं सरकली. नलूनं बोट खाली खाली नेलं. "अडतिसावी. एका विषयात नापास."

"कंच्या?"

रंजीनंच हळूच सांगितलं, "भूगोलात."

"भूगोल कोण शिकवतंय?"

अक्कानं पदर तोंडात कोंबला. दाजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "नापास झाली तर शाळा बंद, असा आपला करार हाय. मंग आता मिनूचं काय करायचं?"

"मिनूची कशाला?" नलू खाकी कागद गुंडाळत म्हणाली. "बंद करायची तर मास्तरांची करूया."

त्याच दुपारी हेडसरांनी खरा निकाल शाळेच्या भिंतीला डकवला आणि मी पोरांच्या घरोघरी जाऊन माफी मागितली. बजरंगाच्या वडलांनी मला चहा पाजला. "बटण लावाय शिकीवतच हुतो त्येला," म्हणाले.

मिनूची भूगोलाची फेरपरीक्षा जूनमध्ये होती. मे महिनाभर आमच्या पुढच्या सोप्यात रोज सकाळी रंजी तिला भूगोल शिकवायला बसायची. मी पलीकडे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून असायचो. मिनू पंचेचाळीस मार्कांनी सुटली. माझंही बरंच भलं झालं. उन्हाळ्यात दिवस मोठा का असतो, ते चौदा वर्षं शिकवल्यानंतर मला त्या महिन्यात समजलं.